सरकारी नवोन्मेष अनुदान मागताना स्टार्टअपनी या चुका टाळाव्यात

गेली काही वर्षे मी नवउद्योजकांचे अनुदानाचे अर्ज पाठवण्यापूर्वी वाचून देतो. कल्पना चांगली, माणसे मेहनती आणि तरीही अर्ज बाद, तोही दर वेळी ठरलेल्या चार-पाच कारणांनी, हे पाहताना मनापासून वाईट वाटते. सरकार हा पैसा एखाद्या अनुत्तरित तांत्रिक प्रश्नाचा छडा लावण्यासाठी देत असते. बहुतेक अर्जांत मात्र उत्पादनाची स्तुती सापडते, बाजारपेठेचे मोठमोठे आकडे सापडतात आणि तो प्रश्न तेवढा सापडत नाही.

पात्रतेच्या अटी सर्वांत आधी वाचाव्यात. २०२१ मध्ये सुरू झालेल्या स्टार्टअप इंडिया सीड फंड योजनेच्या मार्गदर्शक सूचना पाहिल्या, तर अर्जाच्या वेळी कंपनी स्थापन होऊन दोन वर्षांपेक्षा अधिक काळ झालेला नसावा, डीपीआयआयटीची, म्हणजे केंद्राच्या उद्योग व अंतर्गत व्यापार प्रोत्साहन विभागाची मान्यता असावी, भारतीय प्रवर्तकांचा वाटा किमान ५१ टक्के असावा आणि केंद्र वा राज्य सरकारच्या अन्य योजनेतून १० लाखांहून अधिक आर्थिक साहाय्य घेतलेले नसावे, असे त्यांत स्पष्ट लिहिले आहे. ही चार वाक्ये न वाचता चाळीस पानांचा अर्ज लिहिणारे लोक मी पाहिले आहेत.

मला सर्वांत अधिक खटकणारी चूक म्हणजे तंत्रज्ञानाची सज्जता फुगवून सांगणे. बहुतेक योजना अर्जदाराला टीआरएल, म्हणजे तंत्रज्ञान सज्जतेची पातळी विचारतात. नासामध्ये जन्मलेल्या या मोजपट्टीवर १ ते ९ अशा पातळ्या आहेत. मूलतत्त्व कळले की १, प्रयोगशाळेत सिद्ध झाले की ४, प्रत्यक्ष वापराच्या ठिकाणी प्रोटोटाइप, म्हणजे चालता नमुना चालवून दाखवला की ७ आणि रोजच्या वापरात टिकले की ९. नवख्या अर्जदाराला मोठा आकडा लिहिला की आपली छाप पडेल असे वाटते.

कांदा चाळीत सडू लागल्याची सूचना वेळीच देणारे यंत्र दोन मित्रांनी तयार केले होते. प्रोटोटाइपसाठी पैसे देणाऱ्या एका योजनेत त्यांनी अर्ज केला आणि सज्जतेच्या रकान्यात ७ लिहिले. आदल्या रात्री मी तो मसुदा वाचला होता. आकडा मला खटकलाही होता, पण वेळ थोडा उरला आहे म्हणून मी आग्रह धरला नाही, याची खंत मला आजही आहे. सादरीकरणात निवड समितीतील एका बाईंनी शांतपणे विचारले, की यंत्र किती चाळींत लावले, किती दिवस चालले आणि कांद्याची घट कशाशी ताडून पाहिली. उत्तर असे होते, की एका मुलाच्या काकांच्या चाळीत यंत्र अकरा दिवस होते, शेजारी लॅपटॉप जोडलेला होता आणि कांदा तोललाच नव्हता. दावा खरा मानला, तर प्रोटोटाइप तयारच आहे, मग या योजनेत पैसे कशासाठी मागता, आणि खोटा मानला, तर बाकीच्या आकड्यांवर तरी विश्वास का ठेवावा, अशा पेचात त्यांनी स्वतःला अडकवून घेतले होते. अर्ज तिथेच संपला.

पुढच्या खेपेस आम्ही ४ लिहिले आणि पहिल्या पानावर एकच प्रश्न ठेवला: सडका वास माणसाला येण्याच्या किमान किती दिवस आधी हे यंत्र सूचना देऊ शकते? त्याखाली चार चाळी, प्रत्येक चाळीत यंत्र असलेला आणि नसलेला असे दोन कप्पे, दर आठवड्याला वजन आणि किती दिवसांपेक्षा कमी अवधी मिळाला तर प्रयोग फसला असे मानायचे, तेही नमूद केले. रब्बीचा कांदा एप्रिल-मेमध्ये चाळीत जातो. मंजुरी त्यानंतर हाती आली तर चाचणीचे वर्षच वाया जाईल, म्हणून पहिल्या टप्प्यात यंत्राची जोडणी आणि प्रयोगशाळेतील मोजमाप ठेवले आणि चाळीतील चाचणी पुढच्या हंगामाला बांधली. अनुदान मिळाले. मी तेव्हापासून कोणाचाही अर्ज वाचताना आधी प्रश्नाचे वाक्य शोधतो आणि ते नसेल तर पुढे वाचत नाही.

पेटंट घ्यायचे असेल, तर प्रदर्शनात वा व्हिडिओत तंत्र उघड करण्यापूर्वी निदान तात्पुरता अर्ज दाखल करावा. त्यानंतर संपूर्ण तपशील सादर करण्यास १२ महिने मिळतात. ग्राहकाच्या पाठिंब्याचे पत्र जोडायचे असेल, तर तो काय वापरून पाहणार आणि कधी, हे त्यात असावे, निव्वळ शुभेच्छा नसाव्यात. दुसऱ्याच्या मंजूर अर्जाचा साचा उचलू नये, आणि टक्केवारीवर अर्ज लिहून देणाऱ्यांच्या हाती आपला अर्ज कधीही सोपवू नये, कारण समितीपुढे उत्तरे आपल्यालाच द्यायची असतात.

दुसरी मोठी चूक पैसे मिळाल्यानंतर उघड होते, पण तिचे मूळ अर्जातील अंदाजपत्रकात असते. एका कंपनीने ‘साहित्य व इतर’ अशा एकाच ओळीत निम्मी रक्कम मागितली आणि ती कशीबशी मंजूरही झाली. पहिला हप्ता नेहमीच्या चालू खात्यात आला आणि त्यातून मागील दोन महिन्यांचे थकलेले पगार दिले गेले. सेन्सर संस्थापकाने स्वतःच्या नावाने रोखीत घेतले होते आणि काही बिलांवरील तारखा मंजुरीच्या आधीच्या होत्या. हेतू वाईट नव्हता, याबद्दल मला शंका नाही. तरीही पैसे मंजूर कामावरच खर्च झाले असे सांगणाऱ्या उपयोगिता प्रमाणपत्रावर सही करायला चार्टर्ड अकाउंटंट तयार होईनात आणि दुसरा हप्ता कित्येक महिने अडकला, तोवर एकुलता एक इंजिनिअर दुसरीकडे निघून गेला. केंद्र सरकारचे सामान्य वित्तीय नियम, २०१७ अनुदानाच्या वापराचा हिशेब मागतात आणि शिल्लक रकमेवर मिळालेले व्याजही सरकारजमा करायला लावतात. म्हणून मंजुरीपत्र येताच वेगळे बँक खाते उघडावे, प्रत्येक बिल कंपनीच्या नावाने घ्यावे आणि त्यावर अंदाजपत्रकातील ओळीचा क्रमांक त्याच दिवशी पेनाने लिहावा, असे मी सर्वांना सांगतो. अंदाजपत्रक करतानाही प्रत्येक मोठ्या वस्तूचे कोटेशन आधी हातात असावे.

अर्ज शेवटच्या दिवसाच्या किमान तीन दिवस आधी भरून टाकावा. तो नामंजूर झाला आणि समितीचा अभिप्राय मिळाला, तर त्यातील प्रत्येक आक्षेपासमोर आपले उत्तर आणि त्याचा पुरावा लिहून काढावा. ज्या आक्षेपासमोरची जागा कोरी राहील, त्याचे काम पूर्ण झाल्याशिवाय पुन्हा अर्ज करू नये.