मोठ्या कोनचा दोरा घरच्या शिलाई मशीनवर वापरायचा तर रिकामी बरणी घ्या

मोठ्या रिळाचा, म्हणजे कोनचा दोरा घरच्या मशीनच्या खुंटीवर बसत नाही. नुसता शेजारी ठेवला की कोन आडवा पडतो, दोरा गुंततो.

1. कोनपेक्षा 5-6 सेंमी उंच, रुंद तोंडाची प्लास्टिकची बरणी धुऊन पूर्ण कोरडी करा.
2. झाकणाच्या बरोबर मध्यभागी तापवलेल्या खिळ्याने (पक्कडीत धरून, खिडकीजवळ) 5 मिमीचे भोक पाडा.
3. भोकाची कडा खरखरीत राहते आणि खरी अडचण तिथेच येते: दोरा घासून पिंजतो, शिवताना तुटतो. म्हणून भोकावर जुने गुळगुळीत बटण चिकटवा. बटणाचे एक छिद्र भोकावर यायला हवे. त्यात गोंद जाऊ देऊ नका.
4. तळाशी चिंध्यांची घट्ट गुंडाळी बसवून कोन तिच्यावर उभा रोवा. तो हलता कामा नये.
5. दोरा बटणातून वर काढा, झाकण लावा, बरणी मशीनच्या मागे उजवीकडे ठेवा.

दोरा सरळ वर निघाला पाहिजे. कोन कलला तर ताण कमीजास्त होतो आणि टाके सैल पडतात. शिवाय बरणीत दोऱ्यावर धूळ बसत नाही, हा फायदा वेगळाच.

गोंद रात्रभर वाळू द्या. ओल्या गोंदाला लागलेला दोरा सुईत अडकतो.