इफ्फीची रोजकीर्द: दिवसाला चार सिनेमे पाहून त्यांच्याबद्दल लिहायचं कसं

पणजीत नोव्हेंबरात इफ्फीला, म्हणजे भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाला, दिवसाला चार सिनेमे बघणाऱ्याला तिसऱ्या-चौथ्या दिवशी एक ठरलेला आजार होतो: सिनेमे डोक्यात एकमेकांत मिसळतात. लिथुएनियातली पोरगी फ्रान्समधल्या गोठ्यात जाऊन बसते, इस्तंबूलच्या बोटीवरची बाई बुखारेस्टच्या जिन्यात भेटते, आणि रात्री घरून फोन आला की "आज काय बघितलंत?" याला "चांगले होते सगळे" यापलीकडे उत्तर सुचत नाही.

मी सावंतवाडीत लोकांचे हिशेब लिहितो. ऑडिटची धावपळ आटोपली की ऑफिसला कुलूप लावून कदंबची, म्हणजे गोव्याच्या सरकारी महामंडळाची, बस पकडतो. इफ्फी २००४ पासून गोव्यातच भरतो, म्हणजे आमच्यासाठी घराच्या पायरीवरच. परत आल्यावर वाचनालयातल्या मंडळींना एकेका सिनेमाबद्दल पान-दीड पान लिहून द्यायचं, हा माझा शिरस्ता. ती पानं कशी तयार होतात तेवढंच इथे सांगतो. उदाहरणं २०२४ च्या, म्हणजे ५५ व्या इफ्फीतली घेतो.

पद्धत दुकानदारीतली आहे: आधी रोजकीर्द, मग खतावणी. रोजकीर्दीत जे झालं ते झालं तसं, त्याच दिवशी, क्रमाने. खतावणीत तेच व्यवहार ज्याच्या त्याच्या खात्यावर. सिनेमावर लिहिणारे बहुतेक लोक थेट खतावणीला बसतात, म्हणजे आधी मत ठरवतात आणि मग त्याला पुरावे शोधतात. तिथेच घोळ होतो.

काय बघायचं

वेळापत्रक हातात आलं की कथासार वाचू नका. देश, दिग्दर्शक, लांबी आणि थिएटर, एवढं पुरे. लांबी आणि थिएटर हे दोन रकाने लोक बघत नाहीत आणि मग धावतात. आयनॉक्सच्या आवारातून कला अकादमीपर्यंत कांपालच्या रस्त्याने चालत जाता येतं, पण पुढचा खेळ पर्वरीला असेल तर मांडवी ओलांडावी लागते, आणि संध्याकाळी पुलावरच्या गर्दीत पायलट, म्हणजे गोव्यातला मोटरसायकल-टॅक्सीवालासुद्धा, तुम्हाला वेळेत पोचवेल याची खात्री नाही. सव्वादोन-सव्वादोन तासांचे दोन सिनेमे लागोपाठ घेऊ नका. पहिल्याचा शेवट तुमच्या डोक्यात उतरायच्या आत दुसऱ्याची श्रेयनामावली सुरू होते.

स्पर्धा विभागातले दोन-तीन तरी घ्याच. सुवर्णमयूर हा महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार याच विभागातल्या सिनेमाला मिळतो, ४० लाख रुपये त्याच्याबरोबर असतात, पण मी घ्या म्हणतो ते त्यासाठी नाही. तिथे दिग्दर्शक बरेचदा नवे असतात आणि त्यांच्याबद्दल आपण आधी काहीच ऐकलेलं नसतं. कान किंवा व्हेनिसच्या महोत्सवात गाजून आलेला सिनेमा बघताना डोक्यात दुसऱ्यांची दहा वाक्यं आधीच बसलेली असतात.

ऑनलाइन तिकीट मिळालं नाही तर रश लाइनला, म्हणजे आयत्या वेळी रिकाम्या राहिलेल्या जागांसाठीच्या रांगेत, उभे राहा. रांगेतलं बोलणं मात्र एका कानाने ऐका. "तो बघू नका, फारच स्लो आहे," असं सांगणारा प्रत्येक रांगेत एक असतोच, आणि तो अर्ध्यातून उठून आलेला असतो.

अंधारातली वही

शर्टाच्या खिशात मावेल अशी वही आणि पेन्सिल. बॉलपेनची टकटक शेजारच्याला ऐकू जाते. मोबाइलवर टिपण करणाऱ्याला तर पाठीमागचे लोक शिव्या देतात आणि बरोबर करतात. अंधारात लिहायची युक्ती अशी: डाव्या हाताचा अंगठा पानाच्या कडेला ठेवायचा, पेन्सिल अंगठ्याच्या नखाजवळून सुरू करायची, दोन-तीन शब्द झाले की अंगठा बोटभर खाली सरकवायचा. ओळीवर ओळ चढत नाही. पान भरलं वाटलं की उलटायचं, कागद वाचवत बसायचं नाही. पूर्ण वाक्य लिहायचा मोह टाळा, तोवर पडद्यावरचं निसटतं.

आणि सिनेमा संपल्यावर, कोणाशीही बोलायच्या आधी, पाच मिनिटं एका जागी बसा. माझी जागा महोत्सवाच्या आवारातल्या मॅकिनेझ पॅलेस या जुन्या इमारतीच्या बाजूची. तिथे चार गोष्टी लिहायच्या: काय दिसलं, काय ऐकू आलं, लक्ष कुठे उडालं, आणि काय कळलं नाही. आवडलं की नाही, हे लिहायचंच नाही. शेवटचे दोन रकाने लोक लाजेने रिकामे ठेवतात. डोळा लागला असेल तर तेही लिहा, कितव्या मिनिटाला ते अंदाजाने लिहा. दुपारी जेवून बसलेल्या प्रेक्षकाची डुलकी ही सिनेमाची चूक नाही, पण ती नोंदली नाही तर तुम्ही न बघितलेल्या दहा मिनिटांवरही मत देऊन मोकळे होता.

सौले ब्ल्युवाइते या लिथुएनियन दिग्दर्शिकेच्या 'टॉक्सिक'ची माझी नोंद अशी होती:

"पोहण्याचा तलाव, कपडे बदलायची खोली. लंगडणारी मारिया. जीन्स चोरीला. — रस्त्यात मारामारी, मग मैत्री!! — मापाची टेप. आकडे मोठ्याने. — कॅमेरा जागचा हलत नाही, मुली कोपऱ्यात बारीक. — पट्टकृमी. शेजारच्या बाई 'ई गो!' — आजी, फुलं. — लक्ष उडालं: मध्ये, मुलं-मुली नुसतीच हिंडतात तेव्हा. — कळलं नाही: गावात मोठी माणसं कामाला जातात कुठे?"

यात एकही मत नाही. तरी आज ती वाचली की सिनेमा उभा राहतो.

खतावणी

ही रात्री खोलीवर किंवा सरळ घरी आल्यावर. पणजीत असताना करायची असेल तर सकाळी, पहिल्या खेळाच्या आधी, पातळ भाजी-पाव आणि चहा पोटात गेल्यावर. उपाशीपोटी लिहिलेली समीक्षा फार कडक होते.

नोंदी समोर घ्यायच्या आणि कोणती नोंद कोणत्या खात्यावर जाते ते बघायचं. खाती आधीपासून ठरवू नका, ती नोंदींतूनच तयार होतात. 'टॉक्सिक'मध्ये माझ्या वहीत आकडे फार आले होते. तेरा वर्षांच्या मुली, मॉडेलिंगचे वर्ग चालवणारी माणसं, कंबर, उंची, वजन. म्हणून खातं उघडलं 'माप'. मग बाकीच्या नोंदी आपोआप त्याच्याकडे गेल्या आणि वाचनालयासाठी हे लिहून झालं:

"या मुलींना शहराबाहेर नेणारी एकच गाडी आहे आणि तिचं तिकीट कंबरेच्या मापात आकारलं जातं. क्रिस्टिना बारीक होण्यासाठी पट्टकृमीची अंडी गिळते तेव्हा थिएटरात किळस पसरली. मला मात्र त्याहून भयंकर वाटली ती टेप, कारण ती धरणारे हात अगदी सवयीचे होते. दिग्दर्शिका कॅमेरा लांब आणि स्थिर ठेवते. मुली चौकटीच्या कडेला असतात, मधे नुसती भिंत किंवा रस्ता. या गावात त्यांच्यासाठी किती जागा आहे हे न बोलता कळतं. मधला काही भाग सैल आहे. मारियाचं लंगडणं मात्र सिनेमा कुठेही दयेसाठी वापरत नाही."

कथानक किती सांगितलं बघा. फारच थोडं. चार ओळींच्या वर कथा गेली की वाचणाऱ्याला तुमची गरज राहत नाही, आणि शेवट सांगणाऱ्याला तर आमच्याकडे पुढच्या वर्षी चहा मिळत नाही.

लुईज कुर्व्वाजिए यांचा 'होली काऊ' हा फ्रान्सच्या जुरा भागातला सिनेमा. बाप अचानक गेल्यावर अठरा वर्षांच्या तोतोनवर सात वर्षांच्या बहिणीची जबाबदारी येते, आणि हा पठ्ठ्या ३०,००० युरोंच्या बक्षिसासाठी कोंते चीज करायला निघतो, तेही चोरलेल्या दुधाचं. माझी रोजकीर्द इथे नुसती हातांनी भरली होती: दुधात बुडालेले हात, कापडात उचललेला चोथा, गाईजवळचे हात. खातं अर्थात 'काम'. असा सिनेमा लिहिताना 'हृदयस्पर्शी' वगैरे शब्द आठवतात तेव्हा पेन्सिल खाली ठेवा आणि चीज कसं केलं ते लिहा. दुधाचा धंदा घरात असलेली माणसं आमच्या वाचनालयात आहेत, त्यांनी हाच मजकूर सगळ्यात आधी वाचला. तापमानावरून माझी उलटतपासणीही घेतली.

या शब्दांची एक काळी यादीच माझ्या वहीच्या मागच्या पानावर आहे: नितांतसुंदर, अंतर्मुख करणारा, सुन्न करणारा, चुकवू नये असा, मानवी नातेसंबंधांचा वेध. सुन्न झालात तर नेमकं कुठल्या क्षणी झालात ते सांगा.

जे आपल्याला माहीत नाही त्याचं काय

परदेशी सिनेमा लिहिताना ही खरी अडचण. बॉगदान मुरेशानू यांचा 'द न्यू इयर दॅट नेव्हर केम' डिसेंबर १९८९ च्या बुखारेस्टमध्ये घडतो, रोमानियाचा हुकूमशहा चाउशेस्कूची सत्ता कोसळायच्या उंबरठ्यावर. सहा माणसांचे धागे. टीव्हीवरचा नववर्षाचा कार्यक्रम पुन्हा चित्रित करावा लागतोय, कारण त्यातली नटी देश सोडून पळाली आहे. एका म्हातारीचं घर पाडणार आहेत. आणि एका पोराने नाताळबाबाला पत्र टाकलंय, त्यात घरातल्या सगळ्यांच्या इच्छा प्रामाणिकपणे लिहिल्यात. बाबांची इच्छा काय, तर निकूकाका मरावेत. निकू म्हणजे निकोलाय चाउशेस्कू. बाप ते पत्र परत मिळवायला धडपडतो. आमच्या थिएटरात आधी हशा पिकला, मग तो माणूस टपालपेटीशी झटताना हळूहळू हसू आटलं.

नियम असा: नोंद आधी, इतिहास नंतर. सिनेमा बघायच्या आधी रोमानियाची क्रांती वाचून गेलात तर तुम्ही परीक्षेला बसल्यासारखे प्रसंग ओळखत बसाल. पण खतावणीच्या वेळी मात्र वाचा. तिमिशोआरा शहरात १६ डिसेंबरला लोक रस्त्यावर आले, २१ ला बुखारेस्टच्या सभेत चाउशेस्कूला गर्दीने ओरडून गप्प केलं, २२ ला तो पळाला, २५ ला त्याला गोळ्या घातल्या. एवढ्या चार तारखा कळल्या की सिनेमातल्या माणसांची धांदल दुप्पट बोचते. त्यांना वाटतंय हे असंच अनेक वर्षं चालणार आहे, आणि आपल्याला माहीत आहे की काही तासांचा प्रश्न आहे. शेवटाकडे राव्हेल या फ्रेंच संगीतकाराचा 'बोलेरो' चढत जातो. तो प्रसंग मी सांगणार नाही, फक्त एवढंच की ऐकू येण्याच्या रकान्यात मी त्या दिवशी अक्षर न लिहिता रेघाच मारल्या होत्या.

लेवान अकिनच्या 'क्रॉसिंग'मध्ये उलटं झालं. जॉर्जियातली निवृत्त शिक्षिका लिया आपल्या ट्रान्स भाचीला शोधत इस्तंबूलला जाते. तिथल्या बोटीवर कॅमेरा लियाला सोडून चालू लागतो आणि एव्रिम या वकील बाईपाशी जाऊन थांबतो. यासाठी इतिहास वाचायची गरजच नव्हती. सिनेमाने स्वतःच हात धरून नेलं.

आता बक्षिसांबद्दल. २८ नोव्हेंबरला सुवर्णमयूर 'टॉक्सिक'ला जाहीर झाला, ऑगस्टमध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोकार्नो महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार, सुवर्णबिबट्या, त्याने आधीच पटकावला होता. मुरेशानूला सर्वोत्कृष्ट दिग्दर्शकाचा मान मिळाला, 'होली काऊ'ला ज्युरींचा विशेष पुरस्कार. निकाल ऐकून आपल्या नोंदीत फेरफार करू नये. 'मधला काही भाग सैल' हे वाक्य मी तसंच ठेवलं. पुरस्कार लिहायचाच तर शेवटच्या ओळीत, फोन नंबरासारखा.

सगळ्यात अवघड असतं ते आपल्या दारचं. त्याच वर्षी 'घरत गणपती'साठी नवज्योत बांदिवडेकर यांना भारतीय पदार्पणातल्या दिग्दर्शनाचा पुरस्कार मिळाला. कोकणातलं घर, गणपती, माणसं, सगळं माहितीतलं. तिथे आपण दिसलं ते न लिहिता आठवलं ते लिहितो. अशा वेळी मी दोन रंगांच्या पेन्सिली वापरतो: पडद्यावरचं काळ्याने, माझ्या घरचं लालने. पान लालच जास्त झालं तर तो लेख सिनेमाबद्दल नाही, तो दिवाळी अंकाला पाठवावा.

लेख देण्याआधी नावं, देश आणि लांबी महोत्सवाच्या कॅटलॉगशी ताडून घ्या. परदेशी नावं लिहिताना एकदा जे देवनागरी रूप घेतलं ते शेवटपर्यंत तेच ठेवा. आणि वर कोपऱ्यात तारीख, थिएटर, कितवा खेळ हे लिहा. दिवसातला चौथा असेल तर वाचणारा तुमच्या वैतागातून थोडी सूट कापून घेतो.