गेटच्या आत पाय ठेवण्याआधी : मेकॅनिकलच्या मुलामुलींसाठी तयारीची यादी

भोसरी एमआयडीसीत आमचं छोटं मशीन शॉप आहे. पाच सीएनसी (संगणकावर चालणारे लेथ), दोन व्हीएमसी (तशाच उभ्या मिलिंग मशीन) आणि एक म्हातारं पण इमानी साधं लेथ. जानेवारी उजाडला की कॉलेजची पत्रं घेऊन इंटर्नशिपवाली मुलं-मुली येतात. त्यांतली निम्मी पहिल्या आठवड्यात नुसती भांबावलेली असतात, आणि हुशारीशी त्याचा काही संबंध नसतो. नऊ पॉइंटरवालीही (दहापैकी नऊ ग्रेड मिळवणारी) वर्नियर, म्हणजे जाडी-व्यास मोजायची सरकपट्टी, हातात दिल्यावर उलटा धरते. तेव्हा ही यादी. तिसऱ्या वर्षाची परीक्षा संपल्यापासून गेटवर पहिल्यांदा नाव लिहीपर्यंत काय काय करून ठेवावं, ते डोक्यात आलं त्या क्रमाने लिहिलं आहे.

सगळ्यात आधी एक वर्नियर स्वतःच्या पैशाने घ्या. पुण्यात असाल तर बोहरी आळीत जा, मुंबईत असाल तर नागदेवी स्ट्रीटला. डिजिटल नको, साधाच घ्या, ०.०२ मिलिमीटर लीस्ट काउंटचा, म्हणजे एवढा बारीक फरक दाखवणारा. डिजिटलवर आकडा आयता दिसतो आणि डोकं बंद पडतं. दुकानातच दोन्ही जबडे पूर्ण मिटवून शून्य जुळतंय का बघा आणि उजेडाकडे धरून मधून फट दिसते का तेही बघा. दुकानदार वैतागला तर वैतागू दे.

मग घरातलं सगळं मोजायला लागा. मिक्सरचा कपलर, सायकलचा हब, कुकरच्या शिट्टीचं वजन, नळाचा स्पिंडल. एकच माप दहा वेळा घ्या आणि दहाही आकडे लिहून ठेवा. नंतर तेच माप भावाला नाहीतर रूम पार्टनरला घ्यायला लावा, तुमचे आकडे न दाखवता. दोघांचे आकडे जुळणार नाहीत. का जुळले नाहीत, याचा अर्धा तास विचार करा : जबडा तिरका बसला, दाब जास्त पडला, की वस्तूच गोल नव्हती? कंपनीत याच खेळाला एमएसए (मोजण्याच्या पद्धतीचीच तपासणी) म्हणतात, त्याचे फॉर्म असतात आणि ऑडिटर ते मागतो. तुम्ही तो घरच्या ओट्यावर खेळून आला असाल तर फॉर्म भरताना झोप येणार नाही.

इथे माझी स्वतःची फजिती सांगते. पहिल्या नोकरीत दुसऱ्या शिफ्टला मी तपासणीवर होते. १०० मिलिमीटर व्यासाचा शाफ्ट, फिट एच ६ (स्मॉल एच), म्हणजे वरची मर्यादा बरोबर १०० आणि खाली फक्त २२ मायक्रॉनची (मिलिमीटरच्या हजाराव्या भागांची) सूट. कूलंटचा, म्हणजे काम गार ठेवणाऱ्या द्रवाचा, पंप रुसला होता, तरी काम चालूच होतं. जॉब, म्हणजे घडवलेला नग, मशीनवरून उतरला की मी लगेच मायक्रोमीटर लावायचे, ९९.९९ यायचं, आणि मी पासचा हिरवा टॅग लावायचे. सकाळी थंड झालेले तेच जॉब साहेबांनी मोजले तर जवळजवळ सगळे कमी साइझचे. कमी साइझच्या शाफ्टला रिवर्क नसतो, थेट भंगार. स्टील दर अंशाला मीटरमागे साधारण साडेअकरा मायक्रॉन वाढतं. माझा जॉब खोलीपेक्षा वीस अंश गरम होता असं धरा. १०० मिलिमीटरवर २३ मायक्रॉन झाले, म्हणजे सगळी टॉलरन्सच, मापातली सूटच, उष्णतेने खाल्ली. हे सूत्र मी दुसऱ्या वर्षी परीक्षेत लिहून पूर्ण मार्क मिळवले होते. मोजमापाचं प्रमाण तापमान २० अंश सेल्सिअस असतं हेही पाठ होतं. हात मात्र ते शिकले नव्हते.

म्हणून यादीतली पुढची गोष्ट : पाठ असलेल्या प्रत्येक सूत्रात एकदा तरी खरा आकडा घालून बघा. एम १० च्या आट्यांसाठी ड्रिल कितीचं? पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, दीड; ते दहातून वजा, म्हणून साडेआठचं. एम ८ ला पिच सव्वा, म्हणून ६.८ चं धरतात. गोल बारचं वजन काढायला आमच्याकडे कुणी घनता वगैरे काढत बसत नाही. मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग भागिले १६२, झाले मीटरमागचे किलो. २५ च्या बारला ६२५ भागिले १६२, म्हणजे ३.८६ किलो. हे १६२ कुठून आलं ते घरी बसून एकदा काढा. स्टीलची घनता ७.८५ धरली की दहा मिनिटांत निघतं, आणि मग जन्मभर विसरत नाही. तसंच आरपीएमचं, म्हणजे मिनिटाला किती फेरे याचं. एचएसएसच्या (हाय स्पीड स्टीलच्या) टूलने मिनिटाला २५ मीटर कटिंग स्पीड धरली आणि जॉब ५० चा असला तर साधारण १६० आरपीएम. कार्बाइडला, म्हणजे त्याहून कठीण टूलला, स्पीड २०० धरा, मग तोच आकडा पावणेतेराशेच्या आसपास जातो. फॅब्रिकेशनवाल्यांकडे जाणार असाल तर सूतही शिकून घ्या. आठ सूत म्हणजे एक इंच. 'दोन सुती प्लेट' म्हटल्यावर तोंडाकडे बघत बसलात तर तिथला वेल्डर दिवसभर तुमची नक्कल करेल.

आता ड्रॉइंग. इथे जरा थांबते, कारण सगळ्यात मोठं भोक इथेच आहे. काचेखाली ट्यूबलाइट लावून, वर मित्राची शीट आणि त्यावर आपली ठेवून रात्रभर जीटी (ग्लास ट्रेसिंग, काचेवरची नक्कल) मारलेली नाही असा इंजिनिअर महाराष्ट्रात विरळा. मीही मारली आहे. त्या रात्रींत रेघ सरळ येते, पण ती रेघ तिथे का आहे हे कळत नाही. पुढे सॉलिडवर्क्स या थ्रीडी मॉडेलच्या सॉफ्टवेअरचं सर्टिफिकेट येतं, मॉडेल चकचकीत फिरतं आणि डायमेन्शन द्या म्हटलं की सॉफ्टवेअरने आपोआप दिलेली चाळीस मापं कागदभर पसरतात. त्यातली बनवणाऱ्याला लागणारी दोन नेमकी नसतात.

यावर मला माहीत असलेला उपाय एकच. मिक्सरचा तो कपलर घ्या, कोऱ्या कागदावर पेन्सिलीने हातानेच त्याचं स्केच काढा, मापं द्या, आणि तो कागद मित्राला द्या. वस्तू दाखवायची नाही, तोंड उघडायचं नाही. त्याने नुसत्या कागदावरून मॉडेल करायचं. तो जिथे अडून 'हे किती?' विचारेल तिथे तुमचं माप राहिलेलं आहे. दर रविवारी एक वस्तू, असं दहा रविवार करा. लक्ष्मणराव किर्लोस्करांना रंग नीट ओळखता येत नव्हते म्हणून त्यांनी चित्रकला सोडली, यांत्रिक ड्रॉइंग शिकले आणि पुढे मुंबईच्या व्हीजेटीआय या तंत्रशिक्षण संस्थेत शिकवू लागले. त्यांच्या कारखान्याची किर्लोस्करवाडी १९१० ची, त्यानंतरची. रंग गेला तरी चालतं, रेघ वाचता आली पाहिजे. हे आपलं जाता जाता.

आमच्याकडे आलेलं ड्रॉइंग वाचायचं ते खालच्या उजव्या कोपऱ्यापासून. आधी ड्रॉइंग नंबर, मग रिव्हिजन, म्हणजे ड्रॉइंगची कितवी सुधारित आवृत्ती. जुन्या रिव्हिजनवर अख्खा लॉट काढून बसलेली शॉप मी पाहिली आहेत, त्यात माझंही धरा. मग मटेरियल. कागदावर काहीही छापलेलं असो, शॉपमध्ये सगळे ईएन ८, ईएन २४ अशीच स्टीलची जुनी ब्रिटिश नावं घेतात, ती कानावर असू द्या. मग प्रोजेक्शनचं चिन्ह, वस्तूची कोणती बाजू कागदावर कुठे काढली आहे ते सांगणारं. आपल्याकडे फर्स्ट अँगल शिकवतात, अमेरिकेच्या गिऱ्हाइकाचं ड्रॉइंग थर्ड अँगलमध्ये येतं. चिन्ह न बघता काम केलं की भोक पलीकडच्या बाजूला पडतं. नंतर जनरल टॉलरन्स आणि तळटिपा. आकार सगळ्यात शेवटी. फिटचा तक्ता उघडून एकदा २५ एच ७ (कॅपिटल एच) चं भोक आणि त्यात जाणारा जी ६ चा शाफ्ट काढून बघा. भोक २५ ते २५.०२१, शाफ्ट २४.९८० ते २४.९९३. म्हणजे कमीत कमी सात मायक्रॉन मोकळीक, जास्तीत जास्त एक्केचाळीस. एवढं एकदा स्वतः मांडलं की गो-नो गो गेज (एक टोक आत जायला हवं, दुसरं जाता कामा नये) हातात आल्यावर ते काय करतंय हे कुणाला विचारावं लागत नाही.

प्रोजेक्ट विकत घेऊ नका. नीतीचं राहू द्या, पण पकडलं जातं म्हणून तरी घेऊ नका. मुलाखतीत मी नेहमी एकच प्रश्न विचारते, 'इथे एम ८ चाच बोल्ट का?' 'दुकानात तेवढाच मिळाला' हे उत्तर मला चालतं, कारण निदान दुकानात गेला होता. 'सर, डिझाइननुसार' म्हटलं की मी चहा मागवते. (मला सर म्हणतात, हेही एक आहेच.)

ॲप्टिट्यूड, बायोडाटा, लिंक्डइन यावर कॉलेजचे टीपीओ (प्लेसमेंट अधिकारी) पुरेसं सांगतात. मी एवढंच म्हणेन की बायोडाटा एक पानी ठेवा आणि जे सॉफ्टवेअर चार वेळाच उघडलं आहे त्यापुढे 'निष्णात' लिहू नका. एक्सेल मात्र खरोखर शिका. रिजेक्शनचा महिन्याचा डेटा दिला तर कोणत्या मशीनवर, कोणत्या शिफ्टला, कोणत्या कारणाने किती नग गेले हे पिव्हट टेबल लावून पाच मिनिटांत दाखवता आलं पाहिजे. ते आलं की शॉपमध्ये तुमची खुर्ची ठरते.

कागदपत्रं : कॉलेजचं पत्र, त्यात तारखा आणि गाइडचं नाव, आधारची प्रत, दोन फोटो, बँक पासबुकची प्रत. पदवीनंतर लगेच नोकरी जमत नसेल तर १९६१ च्या ॲप्रेंटिस कायद्याखालची वर्षभराची शिकाऊ उमेदवारी कमी लेखू नका. नॅट्स या केंद्र सरकारच्या शिकाऊ उमेदवारी योजनेच्या पोर्टलवर नाव घाला. ठरलेल्या किमान विद्यावेतनाचा अर्धा भाग केंद्र सरकार उचलतं, त्यामुळे छोट्या शॉपलाही तुम्ही परवडता.

अंगावर काय हवं ते नीट वाचा. सेफ्टी शूज आधीच घेऊन आठवडाभर घरात घाला, नाहीतर तिसऱ्या दिवशी लंगडत याल. कॉटनची पँट, बाह्या घट्ट किंवा अर्ध्या. अंगठी, कडं, मनगटाचा लाल दोरा, गळ्यातली चेन घरी ठेवा. केस घट्ट बांधून टोपीत, ओढणी नको. आणि जे ऐकून सगळे चकित होतात ते हे, की फिरत्या मशीनवर, ड्रिल असो वा लेथ, हातमोजे घालायचे नाहीत. मोजा अडकला की हात आत ओढला जातो. बर, म्हणजे कापताना निघणारी धातूची धारदार वेटोळी, हाताने काढायची नाही, ती काढायला हूक असतो. कानात इअरफोन नको, केवळ धोका म्हणून नव्हे. इन्सर्ट, म्हणजे टूलचं बदलता येणारं कापणारं टोक, गेला की आवाज बदलतो. आमचे जुने ऑपरेटर पाठमोरे उभे राहून सांगतात, 'तीन नंबरचा टूल बदला'. तो आवाज ओळखायला तुम्हाला महिना लागेल, कान मोकळे असतील तर.

खिशात मावेल अशी वही आणि पेन्सिल घ्या. मोबाइलवर विसंबू नका, बऱ्याच ठिकाणी गेटवरच कॅमेऱ्यावर स्टिकर लावतात. रोज चार ओळी पुरेत : तारीख आणि मशीन, ड्रॉइंग नंबर, स्वतः मोजलेला एक आकडा, न कळलेली एक गोष्ट. ऐकलेला आकडा लिहिलात तर पुढे कंसात कुणी सांगितला तेही लिहा, दोन्हींची भेसळ नको. शेवटी रिपोर्ट लिहिताना मुलं रडकुंडीला येऊन नेटवरून पानं उचलतात. वहीवाल्यांचा रिपोर्ट दोन रात्रींत होतो.

चूक झाली तर लगेच सांगायची, हे आधीच मनाशी पक्कं करून या. ऑफसेट (मशीनमध्ये भरलेली टूलची दुरुस्ती) चुकून बदलला, जॉब हातातून पडला, गेज आपटलं, काहीही असो. पडलेलं गेज गुपचूप जागेवर ठेवून दिलं तर त्याने पुढचे शंभर नग चुकीचे पास होतात.

थोडं व्यवहाराचं. भोसरीत साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, रविवारी नाही. घरच्या लग्नकार्यांना हे आधीच सांगून ठेवा. फर्स्ट शिफ्ट सकाळी सातच्या सुमाराला लागते, तेव्हा बस किंवा शेअर रिक्षा कुठून मिळते ते आदल्या आठवड्यात एकदा प्रत्यक्ष येऊन बघा. डबा आणा. हिंदी जमत नसेल तर जमवा, निम्मे ऑपरेटर बिहार, ओडिशा, उत्तर प्रदेशचे असतात.

आणि वयाने मोठ्या ऑपरेटरला नावाने हाक मारायची नाही. काका, मामा, दादा, जे तोंडात बसेल ते. सेटिंग चालू असताना 'का' विचारायचं नाही, तेव्हा त्यांचं डोकं मिलिमीटरचा शंभरावा भाग धरून बसलेलं असतं. प्रश्न वहीत लिहा आणि चहाला विचारा. चहा दहाच्या सुमाराला येतो. ग्लास घेऊन बाकड्याच्या टोकाला बसलात की शेजारचे काका तुमच्याकडे वळतील. पहिला प्रश्न मशीनचा नसतो, पॉइंटरचाही नसतो. ते विचारतात, 'गाव कुठलं?'