हळदीचा पहिला कंटेनर पाठवताय? मग सागरी विमा असा उतरवा

सांगलीहून हळदीचा पहिला कंटेनर न्हावा शेवामार्गे परदेशी निघाला की पेढे मागणारे पुष्कळ भेटतात. विमा कोण उतरवणार, हे विचारणारा एखादाच. याचं उत्तर ट्रक हलण्याआधी हातात हवं.

१. सौद्याची अट बघा. सीआयएफ (किमतीतच माल, विमा आणि जहाजभाडं) असेल तर विमा तुम्ही उतरवायचा आणि पॉलिसीच्या मागे सही करून ती खरेदीदाराच्या नावे करायची. एफओबी (किंमत फक्त जहाजावर माल चढेपर्यंतची) असेल तर माल जहाजावर चढेपर्यंत जोखीम तुमची, पुढे त्याची. नवखे नेमके इथे फसतात. ‘विमा पार्टीचा आहे’ म्हणून निर्धास्त राहतात आणि ट्रक खंबाटकी घाटात उलटतो. तिथे पार्टीची पॉलिसी तुमच्या कामाची नाही. गोदाम ते बंदर या टप्प्याची वेगळी ट्रान्झिट पॉलिसी घ्या.

२. रक्कम ठरवा. माल, भाडं आणि हप्ता मिळून २२ लाख होत असतील, तर वर १० टक्के धरून २४ लाख २० हजारांचा विमा उतरवायची रीत आहे. हप्ता वाचवायला किंमत कमी दाखवली, तर भरपाईही त्याच प्रमाणात कापली जाते.

३. ए, बी की सी? मालाच्या विम्याचे हे तीन प्रकार, ए सगळ्यात व्यापक. सी सगळ्यात स्वस्त: आग, जहाज बुडणं, टक्कर, वाहन उलटणं असे मोठे अपघात. बीमध्ये कंटेनरात शिरलेलं समुद्राचं पाणीही येतं, पण पावसाचं नाही. चोरी दोन्हींत नाही. हळदीला पाणी कुठलंही लागलं तरी नुकसान तेच, म्हणून माझं मत सरळ एला. सीआयएफ सौद्यात सी घेतलं तरी नियमाला पुरतं, हा भाग वेगळा. युद्ध आणि संपाची कलमं मात्र एमध्येही वेगळी मागून घ्यावी लागतात.

४. कंटेनरात स्वतः उभे राहा. भरण्याआधी आत जाऊन दारं बाहेरून बंद करायला सांगा. अंधारात टाचणीएवढाही उजेड दिसला, तर तिथून पाणी येणार. कंटेनर बदलून मागा. हळकुंडं नीट वाळलेली नसतील, तर वाटेत छताला घाम धरतो, थेंब पोत्यांवर पडतात, बुरशी येते. असा मालाचाच अंगभूत दोष, कच्चं पॅकिंग किंवा निव्वळ उशीर, यांचं नुकसान एमध्येही मिळत नाही. म्हणून ओलाव्याचा तपासणी अहवाल आणि भरतानाचे फोटो जपून ठेवा. प्रस्तावात काही लपवू नका. १९६३च्या सागरी विमा कायद्याने महत्त्वाची माहिती दडवलेली पॉलिसी कंपनीला रद्द करता येते.

५. माल खराब निघाला तर पोचपावतीवर कोरी सही नको, नुकसान लिहूनच सही. विमा कंपनीला लगेच कळवून सर्व्हेअर (नुकसान तपासणारा) मागवा. जहाज कंपनीला तीन दिवसांच्या आत लेखी नोटीस द्या. इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बिल ऑफ लेडिंग (जहाज कंपनीची मालाची पावती) आणि पॉलिसी एकाच फायलीत ठेवा. सर्व्हेअर येईपर्यंत सील, पोती काही फेकू नका.

जहाजाचा विमा मालक उतरवतो. त्याचा तुमच्या हळदीशी संबंध नाही. पण जहाजाच्या संकटाशी तुमचा असतो. मार्च २०२१मध्ये ‘एव्हर गिव्हन’ सुएझ कालव्यात अडकलं. सुटकेचा खर्च ‘जनरल अॅव्हरेज’ (जहाज-माल वाचवायचा खर्च सगळ्यांनी वाटून घ्यायचा) म्हणून मालधन्यांवरही आला, ज्यांचा माल धडधाकट होता त्यांच्यावरसुद्धा. विमा असेल तर या वाट्याची हमी विमा कंपनी देते. नसेल तर आपल्याच मालाचा ताबा घ्यायला आधी रोख अनामत भरावी लागते.