कूलंट कमी होतंय, पण गळती दिसत नाही?

गाडीखाली थेंब नाही, तरी कूलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या) टाकीतली पातळी उतरतेय आणि तापमानाचा काटा वर चढतोय? तर आधी रेडिएटरचं झाकण तपासा. मात्र इंजिन पूर्ण थंड असतानाच. गरम झाकण उघडलं की उकळता फवारा थेट तोंडावर येतो. या झाकणामुळे आत दाब टिकतो आणि कूलंट १०० अंशांच्या बरंच पुढे जाऊनही उकळत नाही. त्याचं रबर कडक झालं किंवा स्प्रिंग ढिली पडली, की दाब टिकत नाही आणि कूलंट उकळून उडतं. स्वस्तातली वस्तू आहे, तरी बहुतेक जण आधी थर्मोस्टॅट (तापमानानुसार कूलंटची वाट उघडणारी झडप) बदलून मोकळे होतात.

बारीक गळती गरम इंजिनवरच सुकून जाते, मागे उरतो पांढरट किंवा रंगीत खार. तो वॉटर पंपाखाली आणि पाइपांच्या क्लिपांपाशी टॉर्च मारून शोधा. गाडीच्या आत गोडसर वास, काचेवर चिकट धुकं, पुढच्या सीटपाशी ओलं कार्पेट असेल तर हीटरची जाळी गळतेय.

हे काहीच नसेल तर संशय हेड गॅस्केटवर, म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधल्या सीलवर. थंड इंजिन चालू करताच रेडिएटरचा वरचा पाइप दोन-तीन मिनिटांत दगडासारखा कडक होतो का, टाकीत सतत बुडबुडे येतात का, ते बघा. सायलेन्सरमधून येणारा सकाळचा थोडा पांढरा धूर ही निव्वळ वाफ असते. गाडी तापल्यावरही तो थांबला नाही तर मात्र गडबड आहे. इंजिन खोलायला होकार देण्याआधी गॅरेजवाल्याकडून प्रेशर टेस्ट (दाब देऊन गळती शोधण्याची तपासणी) करून घ्याच. आणि गडबड सापडेपर्यंत घाटात गाडी घालू नका.