बजीची पहिली पिसगळ: काय द्यायचं, कशाला हात लावायचा नाही

बेळगावच्या बाजारात सरसकट लव्हबर्ड म्हणून विकतात, ती बहुतेक वेळा बजी असते, मूळची ऑस्ट्रेलियाची, पोपटाच्या जातीतली छोटी पाखरं. (आपला देशी कंठवाला पोपट पाळणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, म्हणून हे बजीपुरतंच.) पिल्लू तीन-चार महिन्यांचं झालं की कपाळावरच्या आडव्या रेघा जाऊन तिथे साफ रंग येतो आणि पिंजऱ्याच्या तळाशी रोज पिसं पडू लागतात. हीच पहिली पिसगळ: जुनी पिसं गळून नवी येतात. हे दोन-तीन आठवडे चालतं. पक्षी गप्प राहतो, चिडका होतो, जास्त झोपतो. हा आजार नव्हे.

१. आधी खाणं. पीस म्हणजे जवळजवळ सगळं प्रथिन, आणि नुसत्या राळ्यात ते पुरेसं नसतं. रोजचे दीड-दोन चहाचे चमचे राळे-बाजरी चालू ठेवा. शिवाय अंडं दहा मिनिटं उकडून, पिवळ्यासकट किसून, एका पक्ष्याला अर्धा चमचा, आठवड्यातून तीनदा द्या. अंडं कधी न पाहिलेला पक्षी त्याला घाबरतो, म्हणून पहिले चार दिवस राळ्यात कालवून पसरट ताटलीत ठेवा. दोन तासांनी उरलेलं काढाच, दमट हवेत ते लगेच नासतं. जोडीला मोड नुकते फुटलेले मूग, शेवग्याचा पाला, आणि जाळीला अडकवलेला समुद्रफेस (माकूळ या समुद्री जिवाचं पांढरं, ठिसूळ हाड). मुगाला वास आला तर फेकून द्या.

२. अंघोळ, पण वाळेल तेव्हाच. पसरट भांड्यात बोटाच्या एका पेराएवढं पाणी, सकाळी, दोन-तीन दिवसांआड. खानापूरकडे पावसाळ्यात आठवडाभर ऊन दिसत नाही, तेव्हा अंघोळ राहू द्या. गारठा असेल तर दिवसा ४० वॅटचा पिवळा बल्ब पिंजऱ्याबाहेर, एकाच टोकाला, हातभर अंतरावर लावा. पक्ष्याला त्यापासून लांब सरकता आलं पाहिजे.

३. झोप दहा-बारा तास. संध्याकाळी तीन बाजूंनी सुती कापड टाका. गणपती विसर्जनाची रात्र मात्र वेगळी. फटाक्यांनी दचकून पक्षी अंधारात जाळीवर आपटतो आणि पंखातली कोवळी पिसं मोडतात. त्या रात्री पिंजरा आतल्या खोलीत न्या आणि झिरोचा बल्ब जळत ठेवा.

४. काड्यांना हात नको. डोक्यावर उगवणाऱ्या पांढऱ्या काड्या म्हणजे वेष्टनातली नवी पिसं. बुडाशी निळसर-काळपट दिसतं तोवर आत रक्त असतं, दाबलं की पक्षी ओरडतो. वेष्टन वाळलं की आपोआप कोंड्यासारखं भुगा होऊन पडतं.

अशी काडी मोडून रक्त आलं तर पक्षी रुमालात सैल धरा, छातीवर दाब नको, आणि मोडलेल्या जागी कॉर्नफ्लोअर दाबून दोन-तीन मिनिटं धरा. बजीच्या अंगात सगळं मिळून तीनेक मिलीच रक्त असतं, म्हणून पाच मिनिटांत थांबलं नाही तर थेट पशुवैद्य. पीस स्वतः उपटू नका.

५. रोज वजन. सकाळी खाण्याआधी, स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर. ३५ ग्रॅमचा पक्षी ३२ च्या खाली आला तर दाखवा. कातडी उघडी पडली, चोचीच्या बुडाशी मधाच्या पोळ्यासारखी खवली दिसली (ही बारीक किड्यांची), किंवा पक्षी फुगून तळाशी बसला तरी दाखवा. पंखाची आणि शेपटीची लांब पिसं एकदमच गळून पिल्लाला उडता येईना, तर तो विषाणू असू शकतो. असा पक्षी लगेच वेगळा ठेवा.

मोहरीचं तेल, हळद, पावडरी काही चोळू नका. तेलाने पिसं चिकटतात, अंगातली ऊब जाते. कोंबड्यांच्या टॉनिकचे थेंब पाण्यात टाकण्याची खोडही बरी नव्हे: एवढ्याशा जिवाला किती मात्रा गेली ते कळत नाही, आणि चव बदलली की तो पाणीच पीत नाही.

शेपटीची पिसं गळालेली असेतोवर पक्षी दांडीवर उतरताना चुकतो. तेवढे दिवस दांडी तळापासून वीतभर उंचीवर आणून ठेवा.