चुनखडी ओळखताना या चुका टाळा

चुनखडी म्हणजे पांढरा, खडूसारखा दगड, ही समजूत आधी सोडा. चुनखडी राखाडी असते, पिवळसर असते, सेंद्रिय द्रव्य मिसळलेलं असलं तर काळीही असते. ऊन-पावसाने बाहेरचा पापुद्रा बदललेला असतो, म्हणून डोळ्यांना चष्मा लावून दगड फोडा आणि ताजा भाग बघा.

सगळ्यात जास्त फसगत आम्लाच्या परीक्षेत होते. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब फसफसला की लोक खूश होऊन मोकळे होतात. पण तो थेंब एवढंच सांगतो की इथे कॅल्साइट, म्हणजे चुनखडीतलं मुख्य खनिज, आहे. वालुकाश्मातले वाळूचे कण कॅल्साइटने सांधलेले असले तर तोही फसफसतो. म्हणून भिंग घ्या आणि फेस सगळीकडून येतोय की कणांच्या फटींतूनच, ते पाहा. संगमरवर तर तितक्याच जोमाने फसफसतो, कारण उष्णतेने आणि दाबाने पालटलेली ती चुनखडीच. त्यात साखरेसारखे चमकणारे, एकमेकांत गुंतलेले स्फटिक दिसतात.

सच्छिद्र कोरड्या दगडावर थेंब टाकला की आतली हवाही बुडबुडे काढते. आधी तो भाग पाण्याने ओला करा, हा घोळ टळतो.

उलट, फसफसला नाही म्हणून दगड फेकूनही देऊ नका. 1791 साली फ्रेंच भूशास्त्रज्ञ देओदा द दोलोमिए यांनी आम्लात जेमतेम फसफसणाऱ्या चुनखडीसारख्या दगडाचं वर्णन केलं. त्यांच्याच नावावरून त्याला डोलोमाइट म्हणतात. चाकूने खरवडून त्याची भुकटी करा आणि तिच्यावर थेंब टाका, मग फेस दिसतो. व्हिनेगर वापरत असाल तर चुनखडीचीही भुकटीच करा, ते आम्ल फार मवाळ.

ओरखड्याची परीक्षा सोपी वाटते, पण तिथेही घाई नको. 1 ते 10 च्या मोह्स मापनावर कॅल्साइटचं काठिण्य 3, पोलादी चाकूचं साधारण 5.5, त्यामुळे चुनखडीवर चरा पडायलाच हवा. मात्र चकाकती रेघ उमटली तर बोटाने पुसून पाहा: पुसली गेली तर ती चाकूच्या धातूची, आणि दगड बहुधा गारगोटीच्या जातीचा, काठिण्य 7. चुनखडीतच चकमकीच्या दगडाच्या, म्हणजे गारगोटीच्याच जातीच्या, कठीण गाठी असू शकतात, म्हणून दोन-तीन जागी तरी ओरखडा.

जीवाश्म दिसले नाहीत तरी दगड चुनखडी असू शकतो; काही चुनखडी तर माशाच्या अंड्यांसारख्या बारीक गोल कणांचीच बनलेली असते. परीक्षा झाली की दगड पाण्याने नीट धुऊनच पिशवीत टाका.